नादुरुस्तीचा दाखला

नंदीश हत्तुरे यांच्या दारावर दोन पाट्या आहेत. वरची साधी, नावाची. खालची पितळी, चांगली हातभर, आणि तिच्यावर कोरलंय: 'संगणकप्रमुख, शुभयोग वधू-वर सूचक मंडळ, जुळे सोलापूर'. मंडळाकडे संगणक एकच. मग हे प्रमुख कुणाकुणाचे, असं एकदा एका नव्या पोस्टमनने विचारलं होतं. नंदीशरावांनी त्याला आत बोलावलं, चहा पाजला आणि पाऊण तास समजावून सांगितलं. गल्लीतली बाकीची पत्रं त्या दिवशी पोचलीच नाहीत.

चौदा वर्षांपूर्वी मंडळाने हा संगणक घेतला आणि ठेवायला जागा नाही म्हणून नंदीशरावांच्या पुढच्या खोलीत आणून बसवला. तेव्हापासून त्या घरात त्याला जावयाचा मान. अंगावर क्रोशाचा रुमाल. उन्हाळ्यात खोलीतला पंखा त्याच्या दिशेने. पाहुण्यांनी त्याच्याकडे पाय करून बसायचं नाही. दर खंडेनवमीला नंदीशराव अंघोळ करून स्वतः त्याची यथासांग पूजा करत, हळद, कुंकू, झेंडूचा हार, अक्षता, पेढा, काही म्हणून राहायचं नाही. यंदा तर संगणकाचं वय झालं म्हणून पूजा जरा सढळ हाताने केलेली. "हापिसात साहेबाची एवढी बडदास्त ठेवली असती तर बढती तरी मिळाली असती की," असं त्यांच्या सौभाग्यवती दाक्षायणीबाई म्हणत. नंदीशराव पाटबंधारे खात्यातून ज्या खुर्चीवर लागले त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले होते, त्यामुळे हे ऐकलं की ते संगणकावरचा रुमाल सारखा करायला लागत.

तर या संगणकाच्या पोटात चारशे बारा लग्नाळू मुलामुलींची माहिती होती, आणि ती फक्त तिथेच होती. मंडळाचा चिटणीस अभिमन्यू, तिशीतला, कंपनीत इंजिनिअर, याने कितीदा तरी सांगून पाहिलं, "काका, एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवू." नंदीशराव म्हणत, "लोकांच्या लेकी खिशात घालून हिंडायच्या? शोभतं का?" शेवटी दिवाळीत एकदा, नंदीशराव फराळाचं ताट आणायला आत गेले तेवढ्यात, अभिमन्यूने पेनड्राइव्ह लावलाच. नंदीशरावांनी चकली हातात घेऊन तो उपटून काढला. प्रत काही निघाली नाही, पण पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून संगणक पंधरा मिनिटं चालून बंद पडायला लागला.

झालं. "व्हायरस!" नंदीशरावांनी निदान केलं आणि ते गल्लीभर सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, सिद्धेश्वराच्या देवळात भेटलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. बिचारा अभिमन्यू रस्त्यात दिसला की लोक म्हणायला लागले, "हाच तो पेनड्राइव्हवाला." त्याची स्वतःची माहितीही त्याच संगणकात होती, तीन वर्षं. आता त्याला कोण मुलगी देणार, हा वेगळाच प्रश्न उभा राहिला.

मंडळाचा वार्षिक मेळावा सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपल्यावरच्या रविवारी. त्याआधी पुस्तिका छापायची. दरवर्षी ती नंदीशराव तयार करत, आणि मेळाव्यात व्यासपीठावर बोलावून त्यांना टोपी-टॉवेल दिला जाई. यंदा मात्र पुस्तिका झाली नाही तर सगळं काम मोबाइलवर न्यायचं आणि संगणकप्रमुख हे पद बंद करायचं, असा ठराव अध्यक्षांच्या वहीत लिहून तयार होता, फक्त तारीख घालायची बाकी होती. नंदीशरावांची झोप उडाली ती यामुळे. निवृत्त माणसाला दुसऱ्यांदा निवृत्त करायचं म्हणजे काय? आणि ती पितळी पाटी काढली की दारावर जो फिकट चौकोन उरेल, तो रोज येता-जाता बघायचा?

ते ईर्ष्येने कामाला लागले. यंदाचे नवे फॉर्म घेऊन पंधरा मिनिटं टंकायचं, बंद पडला की अर्धा तास थांबायचं, परत सुरू करायचं. टेंभुर्णीच्या एका एम.कॉम. मुलीच्या अपेक्षा चालल्या होत्या. 'मुलगा निर्व्यसनी असावा व त्याचे' एवढं झालं आणि पडदा काळा.

मागे दाक्षायणीबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. "त्याचे काय?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत? बंद पडला."

"फॉर्मवर बघा की."

"फॉर्मवर चहा सांडलाय. तिथंच."

"त्याचे पोट सुटलेले नसावे, असंल," दाक्षायणीबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघून परत शेंगा निवडायला लागल्या. पण ती गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. भाजी चिरताना मध्येच त्या म्हणत, "त्याचे घर स्वतःचे असावे." रात्री दिवा मालवल्यावर म्हणत, "त्याचे केस?"

शेवटी नंदीशरावांनी अभिमान गिळला आणि अध्यक्षांकडे जाऊन नवा संगणक मागितला. अध्यक्ष सिद्रामप्पा धुम्मा. सरकारी भांडार विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस. घरातला झाडू झिजला तरी सुनेकडून अर्ज घेणारा.

"अवश्य घेऊ," सिद्रामप्पा म्हणाले आणि मंडळाची घटना काढून चष्मा लावला. "कलम सतरा. जुनी वस्तू निर्लेखित, म्हणजे नोंदवहीतून रद्द, झाल्याशिवाय त्या जातीची नवी वस्तू घेता येणार नाही. निर्लेखनासाठी ती नादुरुस्त असल्याचे दोन तंत्रज्ञांचे दाखले जोडावेत. नादुरुस्तीचे कारण नमूद असावे."

"अहो, रोज बंद पडतोय तो. चला, दाखवतो."

"मी बघून काय उपयोग? मी तंत्रज्ञ आहे का?"

दुसऱ्या दिवशी नंदीशरावांनी संगणकाचा तो मोठा खोका चादरीत गुंडाळला, रिक्षात मांडीवर आडवा घेतला आणि नव्या पेठेतल्या एका दुकानात नेला. दुकानदाराने वायरी जोडल्या, बटण दाबलं. संगणक सुरू झाला. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. नंदीशराव घड्याळाकडे बघत पुटपुटत होते, "पड की रे, पड की." दोन तास झाले. दुकानदाराने त्यावर एक अख्खा सिनेमा बघितला आणि दाखला लिहून दिला: 'संगणक उत्तम स्थितीत आहे.'

घरी आणून जागेवर उभा केला. पंधरा मिनिटांत बंद.

मग दुसरं दुकान. परत चादर, परत रिक्षा, परत मांडीवर आडवा. तिथे तर तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालला. नंदीशराव घायकुतीला येऊन म्हणाले, "नादुरुस्त लिहून द्या हो, मी सांगतोय ना." दुकानदाराने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "काका, वयानं मोठे आहात म्हणून बोलत नाही. चालू मशीन बंद दाखवायची काय भानगड आहे?" अडतीस वर्षांच्या नोकरीत पाच रुपयांचा चहा कुणाकडून न घेतलेला माणूस! त्यांचे कान लाल झाले. दाखला घेऊन ते मुकाट्याने पायऱ्या उतरले आणि रिक्षावाल्याने भाडं किती सांगितलं हेही त्यांना ऐकू आलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी सिद्रामप्पांनी दोन्ही दाखले फायलीला लावले आणि खेदाने मान हलवली. "नंदीशराव, कागदोपत्री हा आता उत्तम आहे. दोन-दोन तंत्रज्ञांनी लिहून दिलंय. तुम्ही दाखले आणायला नको होते."

"तुम्हीच सांगितलं ना आणायला!"

"नादुरुस्तीचे सांगितले होते."

मेळाव्याला अकरा दिवस राहिले. शेजारचे जोतिराम कट्ट्यावर तंबाखू मळत बसले होते. मूळचे मोडनिंबचे, सल्ला द्यायला कधी मागे न हटणारे. "हत्तुरेसायेब, ह्यात नवल न्हाय," ते म्हणाले. "आमच्याकडं एक म्हस हुती. घरी दूद द्याची न्हाय, लाथा मारायची. बाजारात नेली की अशी गरिबावानी हुबी राहायची, की गिऱ्हाईक म्हनायचं, येवडी चांगली म्हस इकताय कशापायी? चारदा नेली अन् चारदा परत आनली."

"मग काय केलंत?"

"काय करनार? म्हातारी झाली, मेली." जोतिरामांनी तंबाखू तोंडात टाकली. "मी म्हनतो, जिन्यावरनं सोडा की खाली. मंग बगू कोन उत्तम लिवतंय."

"आणि आतली माहिती?"

"ते बी हाय म्हना. मंग लिंबू-मिरची बांधा."

लिंबू-मिरची बांधली. संगणक चौदा मिनिटांत बंद पडला, म्हणजे एक मिनिट आणखी गेलं.

आता खोटं कशाला बोला, दुसऱ्या दिवशी दुपारी दाक्षायणीबाई भिशीला गेल्यावर नंदीशरावांनी तो खोका उचलून जिन्यापर्यंत खरंच नेला. टाकायचा नव्हता, नुसता अंदाज घ्यायचा होता. माहितीचं काय ते पुढे बघू, निदान एक खरा दाखला तरी मिळेल, असं कायकाय डोक्यात चाललेलं. वरच्या पायरीवर उभे राहिले आणि त्यांना एकदम भरून आलं. याच खोक्यासमोर बसून त्यांनी आपल्या लेकीचं, ऋतुजाचं स्थळ शोधलं होतं. ती लातूरला सुखात होती, तिला आता दोन मुलं होती. "नाही बाबा," ते खोक्याला म्हणाले, "माझ्याच्यानं नाही होणार." आणि तो छातीशी धरून मागे वळताना आतून आवाज आला: खुळ्ळ.

नंदीशराव जागच्या जागी थिजले. हळूच तिरका केला. खुळ्ळ, खुळ्ळ. काहीतरी सुटलं होतं आत. मेंदूच सुटला असणार. चारशे बारा जणांची लग्नं मोडली, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि खोका जागेवर ठेवून ते कट्ट्याकडे धावले.

"मैनुद्दीनमास्तरांची लेक रुक्साना हाय की," जोतिराम कट्ट्यावरून म्हणाले. "घरला येऊन बगती. माजा मोबाइल विहिरीत पडल्याला, तिनं बोलता केला."

रुक्साना स्कूटरवरून आली. पस्तिशीची, पाठीला पिशवी, विजापूर वेशीत स्वतःचं दुकान, आणि उगाच शब्द खर्च न करणारी. तिने खोका न हलवता नुसता सगळीकडून बघितला.

"कधीपासून असं होतंय, काका?"

"दिवाळीपासून. एकाने पेनड्राइव्ह घातला. व्हायरस."

"आणि दुकानात चालतो?"

"दोन्ही दुकानांत! माझी अब्रू घालवली त्यानं."

"नेला कसा?"

"मांडीवर आडवा."

"हं." रुक्सानाने बॅटरी काढून वरच्या जाळीतून आत उजेड टाकला. बराच वेळ बघत राहिली. "दिवाळीच्या आधी काय केलतं ह्याला?"

"काही नाही. खंडेनवमीची पूजा, बस."

"काकू, एक ताट आणा मोठं," रुक्साना म्हणाली.

दाक्षायणीबाईंनी परात आणली. रुक्सानाने चार स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला आणि खोका परातीवर कलता केला. सरसर सरसर आवाज झाला. तांदूळ! आधी यंदाचे, लालभडक कुंकवाचे. त्यामागून गुलाबी. मग पिवळट, मग तपकिरी, अशी चौदा वर्षं ओळीने पडत गेली. त्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, एक सुपारी, आणि पेढा होता की काय अशी शंका येणारं काहीतरी.

"या अल्ला," रुक्साना म्हणाली. "काका, दोन लवंगा टाकल्या असत्या तर पुलाव झाला असता की."

नंदीशराव परातीकडे बघत खुर्चीत बसले. वरच्या जाळीतून मूठभर अक्षता नेमाने तेच सोडत होते. आत मेंदू असतो, तिथवर पोचल्या पाहिजेत, हा त्यांचा भाव. यंदा दोन मुठी सोडल्या होत्या.

"पेनड्राइव्हचा काय संबंध न्हाई," रुक्साना ब्रशने आतला पंखा साफ करत सांगायला लागली. "यंदा जास्त झाले, ते दिवाळीपर्यंत खाली उतरले. आता उभा ठेवला की तांदूळ घरंगळत ह्या पंख्यात येतात. पंखा अडकला की मशीन तापतं, तापलं की बंद. रिक्षात आडवा नेला की तांदूळ एका अंगाला जातात, पंखा मोकळा. म्हणून दुकानात चालतोय."

तिने सगळं पुसलं, पंख्याला तेलाचा थेंब दिला आणि उभा करून सुरू केला. एक तास चालला, दोन तास चालला. मग दाखल्याचा कागद काढला. "चालेल आता. पण म्हातारा झालाय काका, सहा महिने धरा. आतल्या वस्तू मिळत न्हाईत ह्याच्या. नवा घ्यायलाच लागंल. तसं लिहिते. आजवर बंद का पडत होता, त्याचं कारण काय लिहू?"

नंदीशरावांनी दाराकडे बघितलं. बाहेरची पाटी तिथून दिसत नाही, तरी बघितलं. "धूळ लिहा," ते हळूच म्हणाले.

रुक्सानाने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा परातीकडे. 'धूळ' लिहिलं. जाताना तांदूळ वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून तिने त्यांच्या हातात दिले. "तुमचे आहेत," ती म्हणाली.

रविवारी सभा. नंदीशरावांच्या एका खिशात दाखला, दुसऱ्यात पुडी. पुडी का घेतली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. कचऱ्यात टाकवेना, पूजेच्या अक्षता त्या, आणि घरात ठेवली तर दाक्षायणीबाई तिच्याकडे बघून हसत.

सिद्रामप्पा दाखला वाचायला हात पुढे करणार एवढ्यात अभिमन्यू उभा राहिला. चेहरा पडलेला. "मला बोलायचंय. संगणक माझ्यामुळे बिघडला. काकांना न विचारता मी पेनड्राइव्ह लावला. मी चिटणीसपदाचा राजीनामा देतो, आणि माझं नावही यादीतून काढा. माझ्यामुळे मंडळाला कमीपणा नको."

सभेत कुजबुज झाली. जोतिराम मागून म्हणाले, "पोरगं दिलाचं चांगलं हाय हो." नंदीशरावांना वाटलं, आता गप्प बसलं की झालं. दाखल्यात धूळ आहे, सभेत राजीनामा आहे, पाटी शाबूत आहे. त्यांनी गप्प बसायचा मनापासून प्रयत्न केला. पण खिशातली पुडी हाताला लागली, आणि चहाचा एक कपही फुकट न घेतलेल्या त्या माणसाला हे फुकटचं पचेना.

"बस रे खाली," ते अभिमन्यूवर ओरडले, जणू चूक त्याचीच. मग पुडी टेबलावर ठेवून सोडली. "व्हायरस नाही. धूळही नाही. ह्या अक्षता. मी घातल्या, जाळीतून. चौदा वर्षं. ह्या पोराचा काडीचा दोष नाही, आणि मी त्याची गावभर बदनामी केली. राजीनामा माझा घ्या. पाटी मी उद्या काढतो."

सिद्रामप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुडीतले चार दाणे तळहातावर घेतले. "चौदा वर्षं ह्या आत होत्या?"

"हो."

"चारशे बारा वधू-वरांच्या अंगावर?"

"म्हणजे... एका अर्थी..."

सिद्रामप्पांनी दाणे डोळ्यांना लावले. "उगाच नाही इतकी लग्नं जुळली! रोज अक्षता पडत होत्या हो पोरांवर!" बघता बघता पुडीभोवती गर्दी झाली. ज्यांच्या मुली घरात होत्या त्यांनी दोन-दोन दाणे रुमालात बांधले. जोतिरामांनी नातवासाठी म्हणून घेतले, नातू तिसरीत आहे. आणि कलम सतराला एक पोटकलम निघालं: 'पूजनीय वस्तू निर्लेखनातून वगळाव्यात.' म्हणजे जुना संगणक नंदीशरावांकडेच राहिला आणि नवा घ्यायला अडचण उरली नाही. दोन संगणक झाल्यावर प्रमुख लागणारच, हेही सभेने मान्य केलं.

त्या दिवशी संध्याकाळी नंदीशरावांनी अभिमन्यूला घरी बोलावलं, चकलीचं ताट पुढे ठेवलं आणि म्हणाले, "लाव तुझा तो पेनड्राइव्ह." प्रत सात मिनिटांत निघाली. पुस्तिका वेळेत छापून झाली, टेंभुर्णीच्या मुलीचं वाक्य तेवढं 'त्याचे'पाशीच तुटलेलं. तिला फोन करून अपेक्षा पुऱ्या करायचं काम दाक्षायणीबाईंनी अभिमन्यूवरच सोपवलं. त्या फोनला पाऊण तास लागला.

मेळाव्याच्या दिवशी नवा संगणक व्यासपीठावर, हार घातलेला. सभागृह गच्च. नंदीशराव फेटा बांधून त्याच्या शेजारी. सिद्रामप्पा माइकवर आले आणि म्हणाले, "जुन्याने चौदा वर्षांत जे मिळवलं, ते नव्याला आजच मिळावं, म्हणून सर्वांना विनंती आहे." नंदीशरावांनी समोर बघितलं. दारात प्रत्येकाला कसली तरी कागदी पुडी देत होते हे त्यांनी मघाशी पाहिलं होतं. त्यांना वाटलं होतं, शेंगाचटणी असेल. चारशे माणसांच्या मुठी वर गेल्या होत्या. आणि सोलापूरची माणसं ती, सात-आठ दिवसांपूर्वीच यात्रेत सिद्धेश्वराच्या लग्नाला अक्षता टाकून हात बसलेला. भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं.

"थांबा!" नंदीशराव ओरडले. कुणाला ऐकू जाणार? त्यांनी टेबलावरची सत्काराची सोलापुरी चादर ओढली, दोन्ही हातांनी संगणकासमोर ताणून धरली आणि तिच्यापुढे स्वतः छाती काढून उभे राहिले. "सावधान" झालं आणि चारशे मुठी त्यांच्यावर रिकाम्या झाल्या. फेट्यात, कानात, कॉलरमध्ये, चष्म्यामागे. सहा मंगलाष्टकं झाली, ते हलले नाहीत. नव्या संगणकावर एक दाणा पडला नाही.

पहिल्या रांगेत दाक्षायणीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "अय्यो देवा, अंतरपाट धरून लग्नच लागलं की ह्यांचं," त्या शेजारच्या टेंभुर्णीच्या मुलीला म्हणाल्या. मग एकदम आठवण होऊन विचारलं, "अगं, ते राहिलंच. 'त्याचे' काय गं?"

"त्याचे चुकले तर त्याने चारचौघांत कबूल करावे," ती मुलगी म्हणाली आणि पलीकडे उभ्या असलेल्या अभिमन्यूकडे बघून लाजली.

दाक्षायणीबाईंनी व्यासपीठाकडे बघितलं. नंदीशराव अजून हात पसरून उभे होते, फेट्यातून दाणे गळत होते. "असा एक मिळतो बाई," त्या म्हणाल्या, "पण चौदा वर्षं वाट बघावी लागती."

गर्दीतून रुक्साना पुढे आली. तिने नंदीशरावांना दंडाला धरून खाली उतरवलं. पायरीगणिक त्यांच्या अंगातून आवाज येत होता, खुळ्ळ, खुळ्ळ.

"रिक्षा बोलवा कुणीतरी," रुक्साना म्हणाली. "काकांना आडवं न्यायला लागतंय."